रविवारची बोट

फिजीतल्या आमच्या छोट्या शहराच्या पोलीस ठाण्यात पाळीला तिघंच असतात: एक तक्रारी नोंदवायला टेबलावर, एक बाजारात, एक गस्तीच्या गाडीवर. चौथी जागा कित्येक वर्षं भरलेलीच नाही. टेबल सांभाळतो आमचा हवालदार आपिसाई.

त्याच्या गावच्या बेटावर आई अत्यवस्थ असल्याचा फोन आला, तेव्हा तो बहिणीला म्हणाला, "मी उठलो तर इथं कोण बसणार? रविवारी माझी सुट्टी, तेव्हाच्या बोटीनं येतो." आई शनिवारीच गेली. त्याच्या हाती फक्त माती देणं उरलं.

तो परतल्यावर आमच्या इन्स्पेक्टर वासेमादा मॅडमना हे कळलं.

"अरे, मला एका शब्दानं सांगायचंस! मी बसले असते टेबलावर."

"तुम्ही, मॅडम? साहेब लोक टेबलावर बसतात होय?"

"कसले साहेब, आपिसाई? सगळे मिळून आपण दहा माणसं!"

तो हळूच म्हणाला, "मला विचारायचं सुचलंच नाही."

आता कुणाच्या घरून असा निरोप आला, की आपिसाईच त्याला हाताला धरून धक्क्यावर नेतो. स्वतः मात्र बेटावर जायचं टाळतो.