राजकुमारची कव

मोताळ्याच्या आठवडी बाजारात मारामारी जुंपली की लोक राजकुमारला शोधायचे. दोघं एकमेकांच्या जिवावर उठले, तर तिसऱ्यानं मागून जाऊन मारणाऱ्याला कव घालायची, त्याचे हात अंगाशी आवळायचे आणि राग निवेपर्यंत सोडायचं नाही, ही तिथली रीत. त्यात शिव्या बसतात, कोपरं बसतात. पण सोडवणाऱ्यावर कोणी डूख धरत नाही. एकोणिसाव्या वर्षी एका विळेवाल्याला असं धरताना राजकुमारच्या दंडाचं मांस उघडं पडलं होतं. जखम भरल्यावर त्याच विळेवाल्यानं त्याला बोलावून चहा पाजला.

पुढे तो आखातात क्रेन चालवायला गेला. त्याची आई शालूबाई रोज फोनवर एकच सांगायची, "कोनाच्या भांडनात पडू नोको बाप्पा. तिथं तुह्यं कोनी नाही."

"माय, इथं भांडतच नाही कोनी. तेवढा टाईम कोनाले आहे?"

सहा वर्षांत एकही अपघात केला नाही म्हणून साहेबांनी त्याला एका संध्याकाळी बड्या हॉटेलच्या कॉकटेल लाउंजमध्ये नेलं. बत्तिसावा मजला, चारी बाजूंनी काच. खुर्ची इतकी मऊ की राजकुमारला पाय कुठे ठेवावेत कळेना. त्यानं लिंबू-सोडा मागितला. हिंदीत ऑर्डर घेणाऱ्या वेटरच्या छातीवर नाव होतं, ऋत्विक.

"कुठचा बे तू?"

"जळगाव जामोदचा, दादा."

"मंग लेका, हिंदी काऊन झाडून राह्यला?"

"नोकरी आहे न दादा," पोरगा हसला आणि शेजारच्या टेबलाकडे वळला.

तिथल्या पाहुण्याचा चौथा पेला चालू होता. ट्रेमधलं थोडं पेय त्याच्या बाहीवर सांडलं. तो उठला आणि हातातला पेला त्यानं ऋत्विकच्या तोंडावर फोडला. कानापासून ओठापर्यंत गाल फाटला. पोरगा गुडघ्यांवर बसला. पाहुण्यानं फुटका पेला पुन्हा उगारला. कोणी जागचं हललं नाही.

राजकुमारनं मागून जाऊन कव घातली. पाहुण्यानं डोकं मागे आपटलं, तसं राजकुमारचं नाक मोडलं आणि तोंडात रक्त भरलं. त्यानं मिठी आणखी आवळली. दोघं काचेच्या टेबलावर कोसळले. पाहुण्याचं मनगट मोडल्याचा आवाज राजकुमारला नीट ऐकू आला. मग रखवालदार त्याच्या पाठीवर बसले. कुणीतरी मानेवर बूट दाबला. चेहऱ्याखाली काचा करकरत होत्या आणि तो म्हणत होता, "सोडवून राह्यलो, मारून नाही राह्यलो."

त्याचं बोलणं तिथे एकालाच कळत होतं. तो गाल धरून बसला होता.

तिसऱ्या दिवशी कंपनीच्या मॅनेजरनं राजकुमारपुढे कागद ठेवला. या माणसानं पाहुण्यावर विनाकारण हल्ला केला, झटापटीत मला काच लागली, असा जबाब. खाली ऋत्विकची सही. त्याच आठवड्यात राजकुमारचा व्हिसा रद्द झाला.

मोताळ्याला दारातच शालूबाईनं त्याचं वाकडं नाक पाहिलं आणि थोबाडीत मारली. सगळं ऐकल्यावर दुसरी मारली.

"तो पोट्टा काहीच बोलला नाही?"

"गाल शिवला होता त्याचा, माय."

"हाताले काय झालं होतं? सही केली न त्यानं."

राजकुमारनं बॅग खाली ठेवली.

"आता पुन्हा कोनाले धरशीन?"

तो काहीच बोलला नाही. तेच उत्तर समजून शालूबाईनं तिसऱ्यांदा हात उचलला.