फोन उजवीकडे द्यायचा

आमच्या नंदनवन कॉलनीतल्या कॉम्प्युटर क्लबचा नियम एकच, आणि तो माझ्या नवऱ्यानं केलेला. फोनची तक्रार सांगायची आणि फोन उजवीकडच्या माणसाच्या हातात द्यायचा. "स्वतःच्या फोनले माणूस भेते," हे म्हणायचे, "दुसऱ्याचा असला की बिनधास्त बोटं घालते." दर रविवारी वाचनालयात आम्ही सगळे रिटायर्ड जमतो आणि कूलरच्या आवाजावर ओरडून एकमेकांना पासवर्ड सांगतो. काय बोलावं!

हिवाळ्यात हे गेले. त्यांचा फोन मी चालू ठेवला. मुलीला वाटलं, फोटोंसाठी. छे! फोटो माझ्याकडेही ढीगभर आहेत. मला त्यांचा कीबोर्ड हवा होता.

वर्षानुवर्षं मला तेच ते मेसेज करून त्या कीबोर्डला त्यांची सवय लागली होती. मी 'जे' टाइप केलं की वरच्या पट्टीत 'जेवली' यायचं, त्यावर बोट ठेवलं की 'काय', मग 'वं'. 'ये' टाकलं की 'येऊन राहिलो'. 'का' टाकलं की 'काहून फोन नाही उचलत'. जुने मेसेज माझ्या फोनमध्ये आहेत, पण ते वाचून झालेले. इथे मी एक अक्षर द्यायची आणि पुढचं ते बोलायचे. रोज दुपारी ताट वाढायच्या आधी मी 'जे' दाबायची. वेडी म्हणा मला, खुशाल म्हणा.

उन्हाळ्यात तो फोन अडकायला लागला. अक्षर दाबलं की किती तरी वेळानं उमटायचं. बंद पडला तर? दुकानात देणार नव्हते, तिथले मेले सगळं पुसूनच हातात देतात. म्हणून क्लबात नेला. उजवीकडे भाऊजी बसले होते, ह्यांचे नोकरीपासूनचे मित्र.

"टाइप करताना अडकून राहिला, पाहा बरं," म्हटलं आणि दिला. माझ्या डावीकडच्या बाईंना अक्षरं मोठी करून हवी होती, मी त्यात गुंतले.

"घ्या वहिनी, एकदम मक्खन!" भाऊजी ओरडले. "कीबोर्डमध्ये लय कचरा साचला होता. सारा साफ केला."

मी 'जे' दाबलं. 'जेव्हा' आलं. 'जेणेकरून' आलं. जेणेकरून! जन्मात ह्यांनी तो शब्द वापरला नसेल.

शिवी अगदी ओठांवर आली होती. माझी जीभ कशी आहे ते सगळ्या क्लबाला माहीत आहे. पण भाऊजींचा चेहरा फुलला होता. मित्राचा फोन आपल्या हातून नीट झाला, आणि तोही मित्राच्याच नियमानं. गिळली शिवी, कपाळ माझं!

"काहून वहिनी, काय झालं?"

"कूलरचं पाणी उडालं डोळ्यात," म्हटलं.

घरी येऊन मी स्वतः टाइप करत बसले. जेवली काय वं. जेवली काय वं. येऊन राहिलो. रोज बसायची, हट्टानं. आणि एका दुपारी 'जे' दाबल्याबरोबर वर 'जेवली' आलं, मग 'काय', मग 'वं'. सगळं तसंच, एका अक्षराचा फरक नाही. फक्त विचारणारी मी होते.

वाढलेलं ताट त्या दुपारी मी तसंच झाकून ठेवलं.