शेजारशेजारच्या खाटा

सिस्टर युद्धाला घाबरल्या, असं कुणी म्हटलेलं त्यांना खपत नसे. “भीती नव्हे, किळस,” त्या म्हणत आणि ओठ असा मुरडत की ऐकणाऱ्यालाच चूळ भरावीशी वाटे.

चिक्कडपल्लीत आमच्या वरच्या मजल्यावर त्या राहत. मूळच्या नांदेडकडच्या. नर्सिंग शिकून येमेनला गेल्या, एका लहान गावातल्या सरकारी दवाखान्यात. तिथे यादवी पेटली तेव्हा अंगावरच्या कपड्यांनिशी परत आल्या. त्यांचं नाव कुणी घेत नसे. गल्लीला त्या सिस्टर.

तेव्हा घरोघरी केबल नुकतीच आली होती आणि लढाई ही जेवताना बघायची गोष्ट झाली होती. शेजारचे वकीलसाहेब हौसेने त्यांच्याकडे आले. मीही आईबरोबर तिथेच होते. “रॉकेट जाताना कसं दिसतं हो? टीव्हीवर दाखवतात तसंच?”

सिस्टरांनी चहा दिला आणि सांगायला लागल्या. “उत्तर आणि दक्षिण अशा दोन देशांचा एक देश झाला होता, साहेब, पण फौजा दोनच राहिल्या. आमच्या गावाजवळ एकाच छावणीत दोन्ही. पोरं एकत्र रोटी खायची, एकत्र पोट बिघडवून माझ्याकडे यायची. एक दिवस दुपारी वर काय बिनसलं कोण जाणे, रणगाड्यांनी एकमेकांवर तोफा डागल्या. अंतर किती? इथून त्या पिठाच्या गिरणीइतकं.”

जखमी आले. उत्तरेचा एक, दक्षिणेचा एक, असे दोघे शेजारशेजारच्या खाटांवर होते. उत्तरेचा अधिकारी आत आला, म्हणाला, त्या दक्षिणवाल्याचं सलाईन काढा, आपल्या पोराला लावा. सिस्टर हलल्या नाहीत. मग त्यानेच दक्षिणेच्या पोराच्या हातातली सुई उपसली. संध्याकाळपर्यंत पोरगा गेला. “शेजारचा वाचला. तोंड भिंतीकडे करून रडत होता. दोघं पत्ते खेळायचे.”

वकीलसाहेबांनी चहाचा एक घोट घेतला. मग म्हणाले, “बरं, पण शेवटी जिंकलं कोण?”

सिस्टरांनी त्यांच्या हातातला अर्धा कप काढून घेतला, मोरीत ओतला. “चहा संपला. उठा.”

पुढे तिथलं युद्ध संपलं. एजंट पुन्हा नर्सेस शोधू लागले. भाऊ मागे लागला, “जा ना ताई, आता शांत आहे.” “ज्यानं सुई उपसली तो तिथंच आहे, बढती मिळाली असेल,” एवढंच बोलून त्या गौलीगुड्यातल्या एका खाजगी नर्सिंग होममध्ये लागल्या. शहरात तेव्हा तशी नर्सिंग होम्स रोज उघडत होती. दाराशी काच, आत एसी.

एकदा तिथे दोन गल्ल्यांच्या मारामारीतली दोन पोरं आणली, दोघांची डोकी फुटलेली. मागोमाग एक पुढारी, चारसहा माणसं घेऊन. “पहले हमारे बच्चे कू देखो, सिस्टर.” दुसऱ्याचं रक्त थांबत नव्हतं. सिस्टर त्याच्यावर वाकलेल्या. “जिसका खून ज्यादा बह रा, वो पहले. हौले बाताँ नक्को करो.” खुळ्यासारखं बोलू नका, असं तोंडावरच सुनावलं. मालक डॉक्टर कोपऱ्यात उभे राहून खाली बघत होते. पुढाऱ्याच्या माणसाने त्याच्या सलाईनच्या बाटलीला हात घातला, तेव्हा सिस्टरांनी ती स्टँडवरून काढून स्वतःच्या हातात उंच धरली, टाके पूर्ण होईपर्यंत.

दोघंही वाचले. महिना संपताच डॉक्टरांनी हात जोडून सांगितलं, “सिस्टर, आम्हाला इथं धंदा करायचाय.”

त्या नांदेडला निघाल्या. जामबागेतलं कॉलेज चुकवून मी त्यांना बसपर्यंत सोडायला गेले. काहीतरी चांगलं बोलावं म्हणून म्हणाले, “सिस्टर, तो पोरगा तुमच्यामुळे जगला. बरं वाटलं असेल ना?”

त्या खिडकीतून बाहेर वाकल्या.

“शुद्धीवर आला तेव्हा पहिलं काय विचारलं त्यानं, माहितेय? दुसरा कुठल्या खाटेवर आहे. मला वाटलं, काळजीनं विचारतोय. मी बोटानं दाखवलं.” बस सुरू झाली, आवाज चढवून त्या म्हणाल्या, “तर उठून सलाईनचा स्टँड उचलला, गं. त्याच्या डोक्यात घालायला.”