डाव्या कानाचा पासपोर्ट

नंदू दुखानला असतो असं सांगितलं, की कोल्हापुरात निम्मे लोक त्याने दुकान टाकलं असं समजत. तीस वर्षं शिवणक्लास चालवल्यावर लोकांच्या चुका लगेच उसवायच्या नाहीत, एवढं मी शिकले होते. दुखान हे कतारच्या पश्चिम किनाऱ्यावरचं तेलाचं गाव. माझा मुलगा तिथे कंपनीत मीटर आणि व्हॉल्व्ह सांभाळतो. सूनबाई पुण्यात बँकेत. तिला रजा नव्हती, म्हणून त्या हिवाळ्यात मीच एकटी विमानात बसले. नव्वदचं दशक संपत आलं होतं.

दोह्याच्या विमानतळावर नंदूने आधी बॅग उचलली, मग मला नमस्कार केला.

"चटणी आणलीस न्हवं?" त्याने विचारलं.

आणली होती. मग आम्ही निघालो. दोहा संपलं, अल रय्यानची घरं संपली, आणि नंतर संपण्यासारखं काही राहिलंच नाही. दोन्हीकडे सपाट, दगडगोट्यांची, भाकरीच्या रंगाची जमीन. मी नंदूला म्हटलं, "डोंगर कधी लागतो?" तो म्हणाला, "डोंगर सौदीत आसतील. हितं न्हाई."

दुखानची वसाहत मात्र नीटनेटकी. एकसारखी बैठी घरं, कण्हेरीची कुंपणं, आणि समुद्र इतका शांत की कुणीतरी इस्त्री करून ठेवलाय असं वाटावं. नंदू ड्यूटीवर गेला की दिवसभर मी आणि एअर कंडिशनर.

पहिल्याच आठवड्यात दार वाजलं. बाहेर एक उंच, गोरी, पन्नाशी ओलांडलेली बाई उभी. आखूड करडे केस, हातात झाकलेली ताटली. ती इंग्रजीत म्हणाली, "तुम्ही कोल्हापूरच्या?"

मी हो म्हटलं.

"माझा जन्म वळिवड्याचा," ती म्हणाली, आणि ताटली माझ्या हातात दिली. त्यात सफरचंदाचा केक होता.

वळिवडं कोल्हापूरच्या वेशीबाहेर आहे. दुसऱ्या महायुद्धात तिथे पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती, हे मी लहानपणी ऐकलेलं. पण त्या छावणीतलं माणूस आखातात केक घेऊन दारात उभं राहील, याची तयारी नव्हती. मी तिला चहा केला.

तिचं नाव हालिना. कंपनीच्या दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट होती. तिनेच नंदूचा दुखावलेला खांदा बरा केला होता, आणि त्या वेळी त्याच्याकडून कोल्हापूरचं नाव ऐकलं होतं. छावणी सुटली तेव्हा ती तीन वर्षांची, त्यामुळे तिला आठवत काहीच नव्हतं. तिची आई मात्र तिथे बाजारहाट करायची. हालिनाला आईकडून आलेलं मराठी म्हणजे "केवढ्याला?", "नको" आणि "लई म्हाग". तेवढ्यावर ती बाजारात आजही निभावेल.

नंदूचे मित्र मला काकू म्हणतात, तेव्हा तेच माझं नाव असावं असा तिचा समज झाला. मी तो मोडला नाही. माझं इंग्रजी शिवणाच्या मासिकांवर पोसलेलं, तिचं पोलिश वळणाचं. दोघींचं सारखंच अधू असल्यामुळे आम्हाला एकमेकींचं सगळं कळायचं.

तिची अडचण तिसऱ्या चहाला कळली. तिची आई पोलंडमध्ये रुग्णालयात होती, आणि डॉक्टरांनी "लवकर या" असं कळवलं होतं. हालिनाला जाता येत नव्हतं, कारण तिच्या पासपोर्टची मुदत उलटली होती. दवाखान्यात माणसं कमी, रजा नाही, आज करू उद्या करू करता करता ते राहिलंच. पोलंडचा दूतावास तेव्हा दोह्यात नव्हता, शेजारच्या देशात होता. म्हणजे नवा पासपोर्ट मिळवायला परदेशी जायचं आणि परदेशी जायला पासपोर्ट लागणार. हे तिने मला इतक्या शांतपणे सांगितलं की मला वाटलं, माझंच इंग्रजी चुकतंय.

"मग?" मी विचारलं.

"शुक्रवारी वकिलातीचे एक अधिकारी दोह्याला येणार आहेत. एका हॉटेलात बसतील, अर्ज घेतील, संध्याकाळच्या विमानाने परत. पुन्हा कधी येतील, माहीत नाही."

तिच्याकडे गाडी होती, पण त्या दिवसांत तिचं लक्ष रस्त्यावर राहत नव्हतं. नंदू म्हणाला, "मी सोडतो की." मी म्हटलं, "मी पण येते." वसाहतीतल्या कण्हेरी मला आता तोंडपाठ झाल्या होत्या.

शुक्रवारी सकाळी निघालो. वाटेत एका पेट्रोल पंपाजवळ करक (दाट दुधाचा, वेलचीचा चहा) घेतला. विकणारा केरळचा, पिणारे पाकिस्तानचे, आणि बाजूला उभे उंट कुणाचे ते कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांतला एक रस्त्याच्या मधोमध येऊन थांबला. नंदूने हॉर्न वाजवला. उंटाने मान वळवून पाहिलं, आणि तो होता तिथेच राहिला. हालिना मागच्या सीटवर कागदांची पिशवी मांडीवर घट्ट धरून बसली होती. ती म्हणाली, "याच्याकडे पासपोर्ट नाही, आणि हा सौदीला जाऊन येतो."

हॉटेल समुद्राकाठच्या रस्त्यावर होतं. आत एका छोट्या खोलीत ते अधिकारी बसलेले. तरुण, सडपातळ, एसीने सर्दी झालेले. बाहेर खुर्च्यांवर पोलिश वेल्डर, एक संगीतशिक्षिका आणि कडेवर बाळ घेतलेली एक आई. नंदू गाडीत थांबला. हालिना मला सोबत आत घेऊन गेली. तिने अधिकाऱ्यांना माझी ओळख काय करून दिली, मला कळलं नाही. ते उठून उभे राहिले, म्हणून मीही बसले नाही.

त्यांनी कागद तपासले. फोटो उचलला, दिव्याखाली धरला आणि पोलिशमध्ये एक छोटं वाक्य बोलले. हालिनाचा चेहरा उतरला.

"काय झालं?" मी विचारलं.

"माझा फोटो समोरून काढलाय. आमच्याकडे चेहरा अर्धा वळलेला लागतो. डावा कान दिसायला हवा."

मी फोटो पाहिला. "दोन्ही दिसतात की."

तिने ते भाषांतर करून सांगितलं. अधिकाऱ्यांनी नाक पुसलं, आणि आम्हा दोघींना कळावं म्हणून इंग्रजीत म्हणाले, "हो. पण नियम डाव्याचा आहे. अशा फोटोवर पासपोर्ट होणारच नाही, अर्ज तिकडून परत येईल. तुमचंच नुकसान." ते खरोखर वाईट वाटून बोलत होते. "मी चार वाजेपर्यंत इथे आहे."

हालिनाने फोटो दुखानला काढला होता, सगळे काढतात तसा. आधीच्या पासपोर्टचा फोटो पोलंडमधला. तिथल्या फोटोवाल्याला नियम पाठ, त्यामुळे त्याने चेहरा केव्हा वळवला हे तिला कळलंही नव्हतं.

आम्ही दोह्याच्या जुन्या बाजारात, मुशैरिबला गेलो. तेव्हा तिथे जुन्या दोन मजली इमारती, घड्याळांची, कापडाची दुकानं आणि फोटो स्टुडिओ ओळीने असत. पण तो शुक्रवार होता. जुम्म्याच्या नमाजाची वेळ झालेली, शटरं खाली. एक गल्ली, दुसरी गल्ली, सगळीकडे कुलपं. पुढे एक टॅक्सी आडवी लावलेली. नंदू हॉर्न दाबून बसला.

मी ओरडले, "नंद्या, हात काढ त्या हॉर्नवरचा! लोक नमाजाला चाललेत, दिसत न्हाई?"

शटरला कुलूप लावणारा एक गृहस्थ वळला. पांढरी टोपी, पिकलेली दाढी. "कुठले तुम्ही?" त्याने चक्क मराठीत विचारलं.

"कोल्हापूरचे."

"मी दापोलीकडचा. मुश्ताक." त्याच्या डोक्यावर स्टुडिओची पाटी होती. मी घाईघाईने सगळं सांगितलं. तो म्हणाला, "ताई, नमाज झाली की येतो. खरं म्हणजे शुक्रवारी मी संध्याकाळीच उघडतो. पण तिची आई आहे म्हणता. येतो."

आम्ही गाडीत बसून राहिलो. खाणावळीही बंद. मी डबा उघडला. धपाटी आणि लसणाची चटणी. हालिनाने एक घास खाल्ला आणि तिच्या डोळ्यांना पाणी आलं. ते चटणीचं की आईचं, हे विचारण्यासारखं नव्हतं. मी दह्याची वाटी पुढे केली.

मुश्ताकभाई शब्दाला जागले. आत एक स्टूल, निळा पडदा, आणि लगेच फोटो बाहेर येणारा कॅमेरा. "फिल्म दोनच शिल्लक आहेत," ते म्हणाले. "नवा माल उद्या, इन्शाल्ला. पण दोन पुष्कळ झाल्या."

हालिना स्टुलावर बसली आणि तिने चेहरा वळवला. मुश्ताकभाईंनी हनुवटी दाखवून तो सरळ करायला सांगितला. तिने पुन्हा वळवला.

"ताई, यांना सांगा, पासपोर्टला समोर बघायचं असतं. दोन कान लागतात."

"हिला एकच लागतो," मी म्हटलं.

त्यांनी कॅमेरा खाली ठेवला. "माझ्या स्टुडिओतून असा वाकडा फोटो गेला तर लोक मला हसतील."

"पोलंडला जायचाय. तिथे सगळे असेच वाकडे असतात."

हे त्यांना पटलं. "बरं. डावीकडे बघा," ते हालिनाला हिंदीत आणि हातानेही म्हणाले. तिने डावीकडे पाहिलं. दिवा चमकला. फोटो बाहेर आला, आम्ही तिघांनी त्यावर फुंकर घातली, आणि हळूहळू त्यातून एक सुंदर, स्पष्ट, उजवा कान उमटला.

डावीकडे पाहिलं की उजवा कान पुढे येतो, ही गोष्ट सोपी आहे. पण वेळेवर सुचत नाही.

"खलास (संपलं)," मुश्ताकभाई पुटपुटले, आणि शेवटची फिल्म घालताना त्यांनी बिस्मिल्ला म्हटलं. डावं, उजवं, तुमचं, माझं असं तिघांचं तीन भाषांत सुरू झालं, आणि जितकं बोलावं तितकं ते बिघडत गेलं.

तेव्हा मी उठले. ब्लाउजची बाही उलटी लागू नये म्हणून क्लासात मुलींना कापड अंगाला लावून दाखवत असे, तसंच करायचं ठरवलं. हालिनाशेजारी तिच्याच दिशेला तोंड करून उभी राहिले, स्वतःचा डावा कान धरला आणि मान अशी वळवली की तो कॅमेऱ्याला दिसावा. "असं," मी म्हटलं.

तिने तिरक्या नजरेने माझ्याकडे पाहिलं. बासष्ट वर्षांची बाई, नऊवारी नसली तरी पातळ नेसलेली, दोह्याच्या स्टुडिओत कान धरून उभी. तिने बरोबर माझ्यासारखीच मान वळवली. पण ओठ दाबूनही तिला हसू आवरेना, आणि त्याच क्षणी दिवा चमकला.

फोटोत डावा कान होता. हसूही होतं.

हॉटेलात पोचलो तेव्हा अधिकारी कागद पेटीत भरत होते. त्यांनी फोटो पाहिला, कान पाहिला, मग बराच वेळ ओठ पाहिले.

"हसणं चालतं?" मी इंग्रजीत विचारलं.

"कानाबद्दल नियम आहे," ते म्हणाले. "हसण्याबद्दल मला अजून काही सापडलेलं नाही." आणि त्यांनी शिक्का मारला.

परतीच्या वाटेवर सूर्य समोर होता. सकाळचा पेट्रोल पंप मागे पडला. मग हालिना म्हणाली, "काकू, एक काम सांगू?"

तिला एक मोठा भाऊ होता, यान. तो छावणीत तापाने गेला, तिच्या जन्माआधी. त्याला कोल्हापुरात पुरलं. आई पोलंडला परतली, पण पोराला मागे ठेवून आले, हे तिच्या मनातून कधी गेलं नाही. आता रुग्णालयात ती फक्त त्याचंच नाव घेत होती. हालिनाची प्रत्येक रजा आईकडे जाण्यात संपे, त्यामुळे कोल्हापूर राहून गेलं होतं.

"तुम्ही गेलात की बघाल? आहे का अजून, एवढंच."

"बघेन," मी म्हटलं. नंदूने आरशातून पाहिलं आणि गाडीचा वेग कमी केला.

पुढच्या महिन्यात पासपोर्ट आला. बाकीचे परवाने नंदूने आणि दवाखान्याच्या लोकांनी मिळून धावपळ करून करवून घेतले. हालिना गेली. निघताना तिने मला घट्ट मिठी मारली. मला सवय नसल्यामुळे मी तिच्या पाठीवर थापटत राहिले, बाळाचा ढेकर काढताना थापटतात तसं.

नंतर मीही घरी आले. प्रवासाची चौकशी करणाऱ्यांना मी उंट, करक आणि समुद्र सांगितला. बाकीचं सांगायला आधी ते काम व्हायला हवं होतं.

ख्रिस्ती दफनभूमीत पोलिश लोकांचा एक कोपरा आहे. राखणदार बाईंनी तो दाखवला. दगडांवर शेवाळ, अक्षरं झिजलेली. मी पदराने पुसत एकेक वाचत गेले. यान सापडला. थोडं पुढे आणखी एक यान सापडला. मग झाडाखाली तिसरा. आडनावं पावसाने नेली होती. तिघंही लहान होते, हे दगडांच्या आकारावरून कळत होतं. मी शेवंतीची फुलं आणली होती, ती तिघांना वाटली. उरलेली शेजारच्या लहान दगडांवर ठेवली, कारण वगळायचं कुणाला हे ठरवता येईना.

रविवारी पोलंडहून फोन आला. आई होती अजून. हालिना तिच्या खाटेशेजारूनच बोलत होती.

"सापडला?" तिने विचारलं.

खोटं बोलणं सोपं होतं. पण माझं इंग्रजी त्याला पुरलं नसतं. मी आहे तसं सांगितलं. तीन यान निघाले, तुमचा कोणता ते कळलं नाही, म्हणून सगळ्या पोरांना फुलं घातली.

पलीकडे पोलिशमध्ये बोलणं सुरू झालं. एक बारीक, म्हातारा आवाज बराच वेळ काहीतरी सांगत होता. मी रिसीव्हर कानाला लावून उभी राहिले. मग हालिना परत आली.

"आई म्हणते, बरं केलंत. ती सगळी एकत्रच खेळायची."