वॉटर पार्कात पाट फुटला

माझ्या लेकीच्या वाढदिवसाला मी वॉटर पार्कची नदी अडवली होती.

नदी म्हणजे काय, कमरेएवढ्या पाण्याचा गोल फिरणारा सिमेंटचा पाट. रबरी टायरात पडून राहायचं आणि पाणी नेईल तिकडं जायचं. पण अडवली हे खरं. आणि आमच्या ओवीचा नववा वाढदिवस त्यात जवळजवळ वाहूनच गेला!

ओवीला केक नको होता, फ्रॉक नको होता. साताऱ्याकडं जाताना हायवेवरनं जी उंच निळी घसरगुंडी दिसते, तिच्यावरनं तिला टायरात बसून खाली यायचं होतं. नियम असा, की लहान मुलामागं एक मोठं माणूस बसलंच पाहिजे. माझी बायको सुनीता, तिला माळ्याच्या शिडीवरही चक्कर येते. माझ्या आईनं तर घसरगुंडी बघून गेटवरनंच हात जोडले. राहिलो मी. "पप्पा, नक्की ना?" हे ओवीनं कडेगाव सोडल्यापासून इतक्यांदा विचारलं, की एसटीतले अनोळखी प्रवासीसुद्धा माझ्या वतीनं "येतील गं बाळ, येतील" म्हणायला लागले.

खर्चाचं सगळं नियोजन सुनीताचं. मधला वार, म्हणून तिकीट स्वस्त. वाढदिवसाचं पोर फुकट. आत खाणं महाग आणि घरचा डबा न्यायला बंदी, तेव्हा गेटबाहेर कडुलिंबाखाली सतरंजी टाकून संध्याकाळपर्यंतचं जेवून घ्यायचं!

"आणि एक धपाटं घे," आई म्हणाली.

"आई, पाण्यात दगडासारखा बुडंन मी."

"बुडत न्हाईस. आत वडापाव सोन्याच्या भावानं हाय म्हणं. घे गप!"

घेतलं. त्यात आदली रात्रभर मी उसाला पाणी पाजत होतो. (आमच्याकडं मोटरीला वीज रात्री येते. झोप दिवसा, जमेल तिथं.) त्यामुळं आत गेल्यागेल्या ती संथ नदी दिसली आणि माझे पाय आपोआप तिकडं वळले.

"पप्पा, घसरगुंडी पाचला बंद होती!"

"एकच फेरी गं. हा आलोच."

टायर हलकेच वळायचा, त्याच्याबरोबर आभाळही वळायचं. एक पांढरा ढग थोडा वेळ माझ्या सोबतीनं चालला, मग कंटाळून पुढं गेला. प्लॅस्टिकच्या नारळीवरनं पोटावर थेंब पडत होते. पोरांचा दंगा लांब लांब गेला, पलीकडच्या गावात लग्न असावं तसा. हळूहळू नारळीच्या झावळ्यांची उसाची पाती झाली, पाण्याला ओल्या मातीचा वास आला, आणि ते एका सरीतनं दुसऱ्या सरीत गुळगुळ करत शिरायला लागलं. काठावर बसलेली आई म्हणे दर फेरीला हाक मारत होती, "आरं ऊठ की मर्दा!" मला ऐकू येत होतं. पण स्वप्नात मी कामातच होतो!

मग डोळे अर्धवट उघडले. बघतो तर वळणावर पाणी काठावरनं धो धो बाहेर सांडतंय! (ते तसंच सांडायचं होतं. पोरांसाठी केलेला धबधबा होता तो.) पण ज्याची निम्मी हयात उसाच्या बांधावर गेली, त्याला वाया जाणारं पाणी दिसलं की विचारबिचार सुचत नाही.

"पाट फुटला!" मी ओरडलो. "सुनीता, खोरं आण, खोरं!"

खोरं कुठलं तिथं! मी खाली उडी टाकली, हाताला येतील ते टायर ओढले आणि नदीवरच्या छोट्या पुलाखालच्या अरुंद तोंडात ठोसले. कहर म्हणजे, मागनं तरंगत येणारा एक टकला पाव्हणा, तोही बहुतेक रात्रभर पाणी पाजूनच आलेला, एक शब्द न विचारता टायरातनं उतरला.

"पाव्हणं, हिकडनं बी दाबा! लय जोर हाय पाण्याला!"

दोघांनी मिळून असा बांध घातला, की थेंब पुढं जाईना. मागं माणसं तुंबली. एक आजोबा टायरासकट उलटे फिरले, एका काकूंचे पाय भलत्याच काकांच्या टायरात अडकले. शिट्ट्या वाजल्या, तेव्हा कुठं मला जाग आली. (पाव्हण्याला अजून आली नव्हती. तो शिट्टीवाल्यालाच सांगत होता, "वरचं पाणी बंद कर रं आधी!")

आम्हाला निथळत्या अंगानं ऑफिसात उभं केलं.

"काय चाललं होतं हे?" मॅनेजर.

"वाहून चाललं होतं, साहेब."

"काय?"

"पाणी."

तेवढ्यात ओवी पळत आली. तिनं थेट मॅनेजरचं टेबल गाठलं.

"काका, पप्पांना काय शिक्षा करायची ती पाचनंतर करा ना. माझी घसरगुंडी बंद होतीय. आज माझा वाढदिवस हाय."

मॅनेजरनं घड्याळ बघितलं, मग तिचं तोंड बघितलं.

"पळा," म्हणाला.

पळालो! शेवटचा टायर आमचा. वर पोचलो तर खाली सगळा मुलूख उतरत्या उन्हात पेंगत पडलेला, हिरवे तुकडे, मधनं मधनं चमकणारं पाणी, आणि माझ्या पुढ्यात ओवीची ओली वेणी.

"मला वाटलं तुम्ही येतच नाही," ती हळूच म्हणाली.

मी काहीतरी छान बोलणार होतो. पण तेवढ्यात आम्हाला ढकललं!

खाली एका पडद्यावर घसरतानाचा फोटो दाखवतात, विकत घ्यायला. (सुनीतानं मोबाईलवर त्या पडद्याचाच फोटो काढला.) त्यात ओवी दोन्ही हात वर करून खदाखदा हसतीय. तिच्यामागं मी. मान मागं टाकलेली, डोळे मिटलेले, तोंड उघडं.

आईनं फोटो जवळ धरून निरखला. "आरं, हितंबी झोपलास व्हय?"

"व्हय," मी म्हणालो.

भीतीनं शुद्ध गेली होती, हे सांगण्यापेक्षा झोपाळू म्हणून झालेलं नाव आपल्याला परवडतं.