दिनकरचं उत्तर राहिलं

दिनकर गेल्याचा फोन आला तेव्हा दुकानाचं शटर मी जेमतेम अर्धं वर केलं होतं. तसंच खाली ओढलं आणि बोरगाव मेघेला त्याच्या घरी निघालो. बातमी अगदीच अनपेक्षित नव्हती. आदल्या संध्याकाळीच त्याला सावंगीच्या दवाखान्यात भेटून आलो होतो. अनपेक्षित ते पुढं घडलं. तेरवीच्या पंगतीत त्याचा पुतण्या प्रफुल्ल माझ्या पानात बुंदी वाढता वाढता म्हणाला, "काका, तुम्ही जिंकले. मोठे बाबा शेवटी मानले. उडती तबकडी असते म्हणून माह्यासमोर बोलले." शेजारच्यांनी माना डोलावल्या. म्हणजे ही गोष्ट गावभर फिरून सर्वांत शेवटी माझ्याकडं आली होती. मला खरं तर आनंद व्हायला हवा होता. झाला तो संताप.

दिनकरनं जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं, मी कापड विकलं. पहिलीपासूनची दोस्ती. भांडण मात्र एकाच गोष्टीवरून. तरुणपणी एकदा दिवेलागणीला स्कूटरवरून घरी येताना पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, शेतांवर मला एक पांढरा उजेड दिसला. मी निघालो की तो निघे, थांबलो की थांबे, आणि मग एकाएकी नाहीसा झाला. मी ते चारचौघांत बोलून बसलो आणि बाजारात माझं नाव 'तबकडीवाला' पडलं. दिनकर म्हणाला, शुक्र होता. त्यावरून आमचं बोलणंच बंद झालं. पण पुढं दुकानात एक जण माझ्यावर हसला, तेव्हा हाच दिनकर त्याच्या अंगावर धावून गेला. "तो खोटं नाई बोलून राह्यला. त्यानं पाह्यलं. काय पाह्यलं ते आमचं आम्ही पाहून घेऊ."

मग त्यानं वर्गातला एक नियम आमच्या भांडणाला लावला. आधी समोरच्याची बाजू आपण मांडायची, अगदी त्याच्या तोंडची वाटावी अशी. त्यानं 'बरोबर' म्हटलं की मगच आपलं उत्तर. दर रविवारी त्याच्या ओसरीवर हा कार्यक्रम चाले आणि सुमनवहिनी चहा देता देता म्हणत, "दोघायले एकच विषय शिकवला का मास्तरनं?" माझी बाजू तो माझ्यापेक्षा चांगली मांडायचा, याचा मला भारी राग यायचा. 'असेल बुवा' एवढं त्यानं एकदा तरी म्हणावं, म्हणून मी वर्षानुवर्षं जीव टाकला. त्यानं ते कधीच म्हटलं नाही.

दवाखान्यात त्या संध्याकाळी त्याच्या नाकातोंडावर मास्क होता. मला पाहिल्यावर त्यानं तो बाजूला सारला. "चाल, तुयं सांगतो आधी." आणि दम खात खात त्यानं सगळं सांगितलं... स्कूटर, पऱ्हाटी, थांबणारा उजेड. शेवटी म्हणाला, "एवढ्या मोठ्या आभाळात आपणच एकटे, असं काऊन धरून बसायचं? कोणीतरी येत असन." मी म्हणालो, "बरोबर." त्यानं उत्तरासाठी श्वास घेतला, तेवढ्यात नर्स आली, मास्क नीट बसवला आणि मला बाहेर जायला सांगितलं. त्यानं हातानंच खूण केली, उद्या. प्रफुल्ल थर्मास घेऊन दारात उभा होता. त्यानं ऐकलं ते एवढंच, माझी बाजू दिनकरच्या तोंडून. पोरगा खोटं बोलत नाही. ऐकलं ते खरंच. अर्थ चुकीचा लावला.

गेल्या आठवड्यात शाळेनं शोकसभा ठेवली. एका वक्त्यानं, अखेरच्या क्षणी सरांना अज्ञाताचा साक्षात्कार झाला, असं सांगितलं आणि टाळ्या पडल्या. मी न बोलावता उठलो. आयुष्यभर नाकारलेली गोष्ट मेल्यावर त्याच्या गळ्यात बांधतात म्हणजे काय! भाषण असं मी केलंच नाही. मी दिनकरची बाजू सांगितली. दिवेलागणीला पश्चिमेला सर्वांत तेजस्वी दिसतो तो शुक्र. तो फार दूर, म्हणून आपण चाललो की सोबत चालल्यासारखा वाटतो, थांबलो की थांबतो. ढगाआड गेला की नाहीसा होतो. शंकरनं पाहिलं ते खरं, पण तो शुक्र होता... शंकर म्हणजे मीच, हे सभेला कळायला जरा वेळ लागला. मला ते पटलं नव्हतं, आजही नाही. पण माझ्या बाजूनं त्याला फुकटात ओढलेलं मला चालणार नव्हतं.

सांगून झालं आणि सवयीनं मी तसाच उभा राहिलो. पहिल्या रांगेत सुमनवहिनी बसल्या होत्या. त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "बरोबर. आता तुमचं सांगा, भाऊजी."

मी तोंड उघडलं. एवढ्या वर्षांची पाठ असलेली माझी बाजू, पण ती मी फक्त एकालाच सांगत आलो होतो. मी खाली बसलो आणि सगळ्यांसमोर रडलो.