क्रमपालन : शंभर टक्के

सदर इसमाचे नाव धनाजी बाबासो शेडगे, वय सत्तेचाळीस, मूळ राहणार तालुका पाटण, जिल्हा सातारा, हल्ली मुक्काम घणसोली. पदनाम : वितरण सहयोगी. कार्यक्षेत्र : दिघा, डोंगराकडील वस्ती. वाहन : तीनचाकी टेम्पो, स्वतःचा. पूर्वानुभव : भाजी मार्केटात अकरा वर्षे पाठीवर गोणी. तांत्रिक ज्ञान : अल्प. प्रशिक्षणास पात्र.

ही नोंद रबाळ्याच्या गोदामात झाली, कारण मार्चपासून तिथे पार्सलांचा क्रम आणि रस्ता ठरवणारं ॲप सुरू झालं. तोवर धनाजी पार्सलं पाण्याच्या वेळेवर वाटायचा. त्याच्या भागात वरच्या आळीला नळ नऊला येतो, खालच्या आळीला अकराला. नळ आला की घरात कुणीतरी असतंच; भांडी भरली की बायका कामावर जातात आणि दाराला कुलूप लागतं. हे त्याने कुठे लिहून ठेवलं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं.

ॲपने अंतर मोजलं. खालचं घर जवळ, म्हणून खालचं आधी. नकाशात डोंगर सपाट होता आणि नळाचा उल्लेखच नव्हता. पहिला आठवडा धनाजीने ॲपचं मुकाट ऐकलं आणि रोज चाळिसातली पंधरा-सोळा पार्सलं परत आणली. दुसऱ्या आठवड्यात तो पुन्हा नळाच्या वेळेवर आला. पार्सलं सगळी पोचली, पण ‘क्रमपालन’ नावाचा आकडा नऊ टक्क्यांवर आला.

गोदामाचा सुपरवायझर कुलदीप, वयाने धनाजीच्या पुतण्याएवढा. त्याने नियम वाचून दाखवला. परत येणारा माल दहा टक्क्यांच्या वर गेला तर आयडी बंद. क्रमपालन नव्वदच्या खाली गेलं तरी बंद. आयडी बंद म्हणजे काम बंद. पहिले दोन आठवडे सरावाचे धरले, खरी मोजणी सोमवारपासून. धनाजीने नळाचं सगळं समजावलं. कुलदीपला पटलं. पण ॲपमध्ये ते भरायला रकाना नव्हता.

“भाऊ, तुमी कुठल्या दाराशी आधी पोचलात, तेवढंच त्याला दिसतं,” कुलदीप म्हणाला. “हातात पार्सल हाय का, ते नाय दिसत.”

त्याने हे ॲपची खोड म्हणून सांगितलं होतं.

सोमवारी सातला धनाजीने टेम्पो खाली लावला आणि ॲपच्या क्रमाने, रिकाम्या हाताने, चाळीस दारं फिरला. प्रत्येक दाराशी ‘पोचलो’ दाबलं. कडी कुठलीच वाजवली नाही. वरच्या आळीत पुतळामावशी हंडे रांगेला लावत होत्या.

“काय ओ, पार्सल कुठाय?”

“नऊला आणतो.”

“मग आत्ता काय बघाया आलाय?”

“मोबाइलला घर दाखवाया.”

नऊला तो पाठीवर गोणी घेऊन पुन्हा चढला आणि आधी वरची आळी, मग खालची, असं सगळं वाटून आला. घरी बायकोला, जयमालाला, हा प्रकार कळला तेव्हा ती एवढंच म्हणाली, “आवं, जेजुरीलाबी माणूस एकदाच चढतंय.”

आयडी चालू राहिला. पहिल्या तीन महिन्यांच्या अहवालात धनाजीचा फोटो आला. खाली मजकूर असा : श्री. शेडगे यांनी नवीन प्रणाली पूर्णतः आत्मसात केली असून क्रमपालन शंभर टक्के, परत माल नगण्य, तसेच चालण्याच्या अंतरात तीस टक्के बचत झाली आहे.

मार्चपासून धनाजीच्या बुटांचा हा तिसरा जोड आहे.